सखल जागेचे छिद्र

सांगा पाहू श्रोतेहो, समुद्रात जाणाऱ्या होडीतल्या निर्दोष कामाला कोणी स्वतःच्या हाताने भोक पाडील काय? आणि पाडलेच, तर त्याला तुम्ही जाणता म्हणाल, की वयाने भ्रमलेला?

उत्तराची घाई नको. आधी ऐका.

एकदा एक वृद्ध कारागीर एका खाडीच्या काठी राहत असे. लहानथोर सारे त्यांना आबा म्हणत. होड्या बांधणारे त्या काठावर पुष्कळ होते; आबा होड्या बांधत नसत. बांधून झालेल्या होडीत ते वीज खेळवीत. बॅटरी कोठे बसवावी, तिच्यापासून इंजिनापर्यंत जाड केबली कोणत्या वाटेने न्याव्यात, पंपाची तार कोणती, दिव्याची कोणती, आणि या साऱ्यांना खाऱ्या पाण्यापासून जपणारी नळी कशी बसवावी, हे त्यांचे शास्त्र. त्या खाडीच्या लोकांना आपल्या होड्यांचा मोठा अभिमान होता. पलीकडच्या बंदरातली होडी वादळात सापडली की काळोख करून परते. आबांचा हात लागलेली होडी दिवा लावूनच परतणार, असे बायकासुद्धा ठणकावून सांगत.

आबा कामाला आरंभ करताना होडीच्या तळाला हात लावीत, तो कपाळाला लावीत, देवाचे नाव घेत, आणि मग दुपारपर्यंत बोलत नसत. बोलले तरी दोन शब्द. तिसरा शब्द त्यांना जड जाई.

त्यांच्या हाताखाली सहदेव नावाचा शिष्य सहा वर्षे काम शिकला. त्याचा हात अतिशय स्वच्छ होता. त्याने बसवलेली नळी रेघ आखल्यासारखी सरळ जाई, दर वितीवर क्लिप, लाल आणि काळी केबल शेजारी शेजारी, आणि नळीच्या आत एकही सांधा नाही. केबल वीतभर कमी पडली तर जोड देऊन भागवायचे नाही, अख्खी काढून नवी ओढायची, हा आबांचा दंडक त्याने कधी मोडला नव्हता.

पुढे आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्या श्रावणात भागोजी तांडेलाची नवी फायबरची होडी तयार झाली. होडी लहानच, तीन माणसांची. आबांनी सहदेवाला बोलावले.

"भागोजीची होडी तू कर," ते म्हणाले. "मी नुसता बसतो. ही नीट चालली की पुढच्या होड्या तुझ्या. मी बघायलासुद्धा येणार नाही."

सहदेवाला त्या रात्री जेवणाचेही भान राहिले नाही, इतका तो हरखला. या एका होडीवर त्याचे नाव ठरणार होते.

त्याने काम केले ते पाहण्यासारखे केले. इंजिन मागे होते, म्हणून तोल साधण्यासाठी बॅटऱ्या पुढे, उंच फळीवर. दोहोंच्या मध्ये मासळीचा कप्पा. त्यामुळे मुख्य केबल कप्प्याखालून नेण्यावाचून गत्यंतर नव्हते. नळी पुढून उतरत आली, कप्प्याखाली सखल झाली आणि मागे पुन्हा चढली. सहदेवाने तिची दोन्ही तोंडे पुट्टीने अशी बंद केली की मुंगीलाही वाव राहिला नाही. मग ओल्या फडक्याने सारी नळी पुसून त्याने आबांना हाक मारली.

आबा होडीत उतरले. डोळ्यांना दिसत नव्हते तितके बोटांना दिसत होते. त्यांनी बॅटरीपासून इंजिनापर्यंत नळीवरून हात फिरवला. प्रत्येक क्लिपपाशी बोट थांबे आणि पुढे सरके.

"बरं आहे," ते म्हणाले.

हा शब्द सहदेवाने सहा वर्षांत दोनदाच ऐकला होता. त्याची छाती भरून आली. इतक्यात आबा म्हणाले, "ड्रिल दे."

कप्प्याखाली हात घालून त्यांनी नळीची सर्वांत सखल जागा चाचपली आणि खालच्या अंगाला, केबलीला धक्का न लागू देता, काडी जाईल एवढे भोक पाडले. पांढरा भुगा तळात पडला. 

"आबा, हे काय केलंत?"

"पाण्याला वाट."

"पण पाणी येणार कुठून? मी दोन्ही तोंडं बंद केलीयत. थेंब शिरायचा नाही."

"वाट असू दे. महिन्याकाठी काडी घालून बघत जा, बुजलीय का ते," आबा म्हणाले, आणि काठी टेकीत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक व्यापारी होडी पाहायला आला. बाजारपेठेत बॅटऱ्या, केबली, पंप विकण्याचे त्याचे दुकान होते. या होडीचे सामानही त्याच्याकडचेच. शेट स्वभावाने वाईट नव्हता, जिभेने मात्र मोकाट होता. वाकून, मान वाकडी करून त्याने सारे काम पाहिले.

"वा रे सहदेवा! दागिना घडवलास, दागिना!" आणि मग त्याची नजर कप्प्याखाली गेली. "आणि हे भोक कसलं?"

"आबांनी पाडलंय. पाण्यासाठी."

शेट खदखदून हसला. काठावर जाळी विणत बसलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ऐकलंत का रे? सोन्यासारखी नळी केली पोराने, आणि तिला खाली मोरी ठेवलीय! उद्या होडीत न्हाणीघर पण बांधा म्हणावं!"

"शेट, म्हाताऱ्याला नीट दिसत नाही आता," कोणी तरी म्हणाले.

"दिसत नाही तर हातात ड्रिल देता कशाला? सहदेवा, ज्याला आपल्या कामाचा भरवसा असतो ना, तो भोक ठेवत नाही हो."

सारे हसले. सहदेवही हसला. पण ते वाक्य त्याच्या मनात काट्यासारखे मोडून राहिले. होडीवाल्यांच्या गावात भोक या शब्दाइतका दुसरा अपशब्द नाही. उद्या नारळी पौर्णिमा. अवघा गाव होडी पाहायला येणार, वाकून पाहणार, आणि त्याच्या पहिल्या कामात काय पाहणार, तर भोक.

दुपारी सारे जेवायला गेले असता तो होडीत उतरला. पुट्टीचा गोळा बोटाने दाबून बसवला, सपाट केला, वरून नळीच्या रंगाचा हात फिरवला. क्षणभर त्याचे मन चरकले. "पाणी येणारच नाही, मग वाट हवी कशाला?" असे स्वतःशी म्हणून त्याने हात धुतले.

नारळी पौर्णिमेला भागोजीच्या बायकोने होडीला हळदकुंकू वाहिले, भागोजीने नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, नारळ फोडला. सहदेवाने स्विच दाबला आणि पहिल्याच दाबाला इंजिन धडधडले. पुढचा दिवा लागला, मागचा लागला, पंपाने तळातले पाणी सपकन बाहेर फेकले. गावाने एकच गजर केला. भागोजीने होडीच्या नाळेवरचा हार काढून सहदेवाच्या गळ्यात घातला आणि म्हणाला, "माझी होडी आजपासून तुझ्या हवाली!" आबा लांब एका दगडावर बसून इंजिनाचा आवाज ऐकत होते. त्यांनी समाधानाने मान हलवली. शिष्याचा अभिमान गुरूला वाटतो तेव्हा तो असाच, लांबून वाटतो.

आबांनी दिलेला शब्द पाळला. पुढच्या कोणत्याही होडीवर ते पाहायला गेले नाहीत. मार्गशीर्ष सरेपर्यंत सहदेवाने नऊ होड्या केल्या. नऊही नळ्या अखंड. एकीलाही भोक नाही. शेट दुकानात येईल त्याला सांगे, "सहदेवाकडे जा. बिनमोरीचं काम!" सहदेवाची मान ताठ होत गेली. भागोजीच्या होडीत काडी घालून पाहण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

माघ महिना आला. एका सकाळी भागोजी आपल्या दोन भावांसह खाडीच्या मुखाबाहेर जाळी ओढत होता. ओढताना इंजिन बंद ठेवले होते. जाळी निम्मी वर आली आणि ओहोटीचा जोर वाढला. होडी खडकांच्या बाजूला सरकू लागली. भागोजीने स्विच दाबला. टक, असा एक आवाज झाला आणि पुढे काही नाही. पुन्हा दाबला. टक. बॅटऱ्या कालच भरून आणलेल्या. तिसऱ्यांदा टकसुद्धा झाले नाही.

त्यांनी नांगर टाकला. तो वाळूत धरेना. जाळ्याचे ओझे होडीला खेचत होते, तेव्हा भागोजीने कोयता उचलून स्वतःच्या हाताने स्वतःचे जाळे तोडले. होडी हलकी झाली, नांगर कसाबसा लागला. खडक आणि होडी यांच्यात दोन वल्ह्यांचे अंतर राहिले होते तेव्हा दुसऱ्या एका होडीने दोर फेकला. ईश्वरकृपेने तिघे जिवंत परतले. भागोजीच्या दोन्ही तळव्यांची सालटी दोराने सोलून निघाली होती.

काठावर गाव जमला. भागोजी होडीतून उतरला तो थेट शेटकडे चालत गेला. शेट गर्दीतच उभा होता.

"बॅटऱ्या भरलेल्या होत्या," भागोजी म्हणाला. त्याचा आवाज हळू होता आणि म्हणून अधिक भयंकर होता. "म्हणजे केबल. तुझी केबल खोटी. वर जाड, आत तांबं नाही."

"देवाशपथ, तांडेल! माल चोख आहे माझा."

"माझे दोन भाऊ होते होडीत. त्यांच्या बायका इथं उभ्या आहेत, त्यांना सांग चोख आहे म्हणून."

"चला रे, दुकानात जाऊ," मागून कोणी ओरडले. "सगळ्या गुंडाळ्या खाडीत बुडवा!"

"आपल्या सहदेवाचं काम असं दगा देणार नाही," दुसरा म्हणाला. "माल खोटा, दुसरं काय!"

हे वाक्य सहदेवाने ऐकले. साऱ्या गावाचा त्याच्यावर केवढा विश्वास! त्याला एक शब्दही बोलण्याची गरज नव्हती. तो नुसता उभा राहिला असता तर दोष शेटच्या दारात गेला असता आणि नाव त्याच्या दारात राहिले असते. हसला कोण होता? शेटच ना?

आबा गर्दीतून पुढे आले. "आधी नळी बघू," म्हणाले. "दुकान पळून जात नाही."

ते होडीत उतरले. कप्प्याखाली हात घालून त्यांनी सखल जागा शोधली. बोट एका जागी थांबले. पुन्हा मागेपुढे झाले, पुन्हा तेथेच आले. त्यांनी वर पाहिले नाही, कोणाचे नाव घेतले नाही. करवत मागितली आणि त्या जागेच्या दोन्ही बाजूंना नळी कापली.

हिरवे पाणी तळात सांडले. तांब्याभर असेल. केबल नळीतून ओढताना तिच्या वेष्टनाला एक ओरखडा गेला होता, नखाएवढा. तेथे सहा महिने पाणी टेकून होते. आबांनी वेष्टन सोलले. आत तांबे नव्हते. हिरवी भुकटी होती.

"बघा!" गर्दी ओरडली. "खोटी केबल!"

शेट दोन पावले मागे सरला.  आबांनी नळीचा कापलेला तुकडा सहदेवाच्या हातात दिला. नुसता दिला. पुट्टीची टिकली त्यावर स्पष्ट दिसत होती. पण ती पुट्टी आहे हे त्या काठावर दोघांनाच कळत होते.

सहदेवाने तुकड्याकडे पाहिले. गळ्यातला तो हार त्याला आठवला असेल, नऊ होड्या आठवल्या असतील. मग तो भागोजीसमोर जाऊन उभा राहिला.

"तांडेल, केबल खरी होती. आबांनी पाणी निघून जायला इथं भोक पाडलं होतं. ते मी बुजवलं."

"का?" भागोजीने विचारले.

"लोक हसत होते."

 भागोजीने आपले सोललेले तळवे उघडून त्याच्यासमोर धरले, आणि तो बायकोबरोबर घरी निघून गेला.

शेट कपाळ पुसत म्हणाला, "आबा, मीच हसलो होतो. मी हसलो नसतो तर..."

"तुम्ही हसलात," आबा म्हणाले. "भोक त्याने बुजवलं."

गर्दी पांगली. सहदेव वाळूत बसून राहिला. आबा त्याच्या शेजारी बसले, आणि उभ्या आयुष्यात बोलले नसतील इतके शब्द त्या दिवशी बोलले.

"सहदेवा, तुझं काम वाईट नव्हतं. तोंडं तू घट्टच बंद केली होतीस. हे लाटेचं पाणी नाही. दिवसा नळी तापते, रात्री गार होते, आतल्या हवेला घाम येतो. आज एक थेंब, उद्या एक. देवाने हवाच अशी घडवली आहे, तिथं तुझी माझी कारागिरी काय करणार? थेंब आला यात कमीपणा नव्हता. त्याची वाट तू बुजवलीस, म्हणून तो साचला. माणसाच्या मनातही अशी सखल जागा असते. तुझ्यात आहे, माझ्यातही आहे. तिथं पाणी उतरणारच. मी रोज संध्याकाळी देवापुढे बसतो तो तेवढ्यासाठीच, दिवसभरात काय साचलं ते काढून टाकायला. कामाचा अभिमान धर. मी जन्मभर धरला आहे. पण 'माझ्यात दोष येणारच नाही' असं ज्याने म्हटलं, त्याने दोषाला आत कोंडून वरून रंग दिला. तो बाहेर दिसत नाही, म्हणून तो स्वतःला निर्मळ समजतो. आणि बुडायची वेळ आली की होडीत दुसरेच बसलेले असतात."

सहदेवाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. आबांनी ते वाहू दिले.

मग त्यांनी विचारले, "अशा आणखी किती?"

"नऊ."

"माझंही चुकलं. बघायला येणार नाही म्हणालो, ते म्हणायला नको होतं. पण त्या नऊ तुझ्या आहेत. मालकांसमोर उभा राहा. काय केलंस ते स्वतःच्या तोंडाने सांग. मग ड्रिल उचल."

सहदेव त्याच दिवशी निघाला. नऊ होड्या, नऊ मालक, नऊ वेळा तेच वाक्य. पहिल्या मालकाने ऐकून घेतले आणि चहा पाजला. दुसऱ्याने त्याची हत्यारांची पेटी वाळूत भिरकावली. सहदेवाने पाने, पकडी वेचून पेटीत भरल्या आणि काम केले. एका होडीवर एका म्हातारीचा एकुलता मुलगा जात असे.  भोक पाडून होईपर्यंत ती सहदेवाच्या हाताकडे पाहत बसली. ती नजर त्याला पेटी फेकण्याहून जड गेली. तीन होड्यांच्या नळ्यांतून पाणी निघाले. त्या तिन्हींच्या केबली त्याने अख्ख्या काढून नव्या ओढल्या, आणि त्यांचे वेष्टन बोटाबोटाने तपासले.

काळ गेला. आबा देवाघरी गेले. सहदेवाचे नाव बुडाले नाही, उलट वाढले. चार खाड्यांमधून होड्या त्याच्याकडे येऊ लागल्या. काम पुरे झाले की तो मालकाला खाली वाकवून सर्वांत आधी ते भोक दाखवी. ताठ मानेने दाखवी. "हे बघा. इथून माझ्या कामातलं पाणी निघतं," म्हणे. आता कोणी हसत नसे. त्या किनाऱ्यावर ज्या नळीला खाली भोक नाही, ती नळी लोक पुरी मानीत नसत, आणि त्यात साऱ्या गावाला भूषण वाटे.

श्रोतेहो, ईश्वराने आपल्यालाही रोज एक संध्याकाळ दिली आहे. तिचा उपयोग करा.

राहिली गोष्ट दंडाची. भागोजी तांडेल पुढे वीस वर्षे जगला. त्याने सहदेवाला कधी शिवी दिली नाही, समोर आला तर रामराम केला, लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसवले. त्याची होडी रोज पहाटे सहदेवाच्या दारावरून समुद्रात जाई. तिच्या इंजिनाचा आवाज बिघडला की तो सहदेवाला अंथरुणातच कळे, आणि कोठे काय झाले आहे हेही कळे. दरवेळी भागोजी पलीकडच्या बंदरातून दुसरा कारागीर आणी. सहदेव काठावर उभा राहून पाही. दहा वेळा तरी त्याने हात जोडून विचारले असेल. पण चारही खाड्यांच्या मालकांनी ज्याच्या नावाने आपल्या होड्या समुद्रात सोडल्या, त्या सहदेवाला भागोजीने आपल्या होडीवर पुन्हा कधी पाय ठेवू दिला नाही.